विश्वातलं पहिलं चुंबकीय क्षेत्र आलं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बिग बँगनंतर सगळीकडे नुसता गरम वायू होता, लोखंड नव्हतं, चुंबक नव्हते, मग आज पृथ्वीत, ताऱ्यांत, गॅलॅक्सीत, अगदी दोन गॅलॅक्सींच्या मधल्या मोकळ्या जागेतसुद्धा चुंबकीय क्षेत्र असतं म्हणतात ते सुरू कसं झालं? माझं रोजचं काम रेडिओ दुर्बिणींच्या पोलरायझेशन (लहर कोणत्या प्रतलात डोलते त्याच्या) डेटाचं, म्हणजे हीच क्षेत्रं मोजायची, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी लोखंड डोक्यातून काढून टाका. लोखंडाचा चुंबकपणा ७७० अंश सेल्सिअसला संपतो आणि पृथ्वीच्या गाभ्यात त्याच्या कितीतरी पट तापमान आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटात मोठा चुंबक पुरलाय हे चित्रच चुकीचं. १६०० साली गिल्बर्टने पृथ्वी हाच एक चुंबक आहे असं म्हटलं आणि त्या काळात ते फार मोठं पाऊल होतं, पण कारण कळायला १८२० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा ऑर्स्टेडला दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची सुई हलते. विश्वातली जवळपास सगळी क्षेत्रं ही करंटमुळे आहेत, आणि करंटसाठी लोखंड लागत नाही, मोकळे इलेक्ट्रॉन पुरतात. ते तर भरपूर आहेत, कारण ताऱ्यांतला, गॅलॅक्सींच्या मधला बहुतेक सगळा वायू प्लाझ्मा आहे, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू.

आता आकडे बघा, म्हणजे पसारा कळेल. पृथ्वीच्या पृष्ठभागावर क्षेत्र साधारण पाव ते पाऊण गॉस (गॉस हे क्षेत्राची ताकद मोजायचं एकक). सूर्याच्या डागात ३००० गॉसच्या घरात (हे १९०८ मध्ये हेलने स्पेक्ट्रमच्या रेषा फुटलेल्या बघून मोजलं, पृथ्वीबाहेरचं पहिलं चुंबकीय क्षेत्र ते हेच). न्यूट्रॉन ताऱ्यावर १० चा १२ घात गॉस, मॅग्नेटार (न्यूट्रॉन ताऱ्यांतला सगळ्यात तीव्र क्षेत्राचा प्रकार) असेल तर १४-१५ घातापर्यंत. आणि आपल्या आकाशगंगेत? काही मायक्रोगॉस फक्त, म्हणजे पृथ्वीच्या लाखाव्या भागाएवढं. ऐकायला किरकोळ वाटतं पण ते हजारो प्रकाशवर्षं पसरलेलं आहे, आणि त्याची ऊर्जा दर घन सेंटिमीटरला साधारण एक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे वायूच्या खळबळीइतकी आणि कॉस्मिक किरणांइतकीच (म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने धावणाऱ्या कणांइतकीच). तिन्ही आकडे एकाच घरात येणं हा योगायोग नाही, ते पुढे येईलच.

मोजतो कसं हेही सांगतो कारण पुढचे सगळे वाद शेवटी इथेच येऊन अडकतात. पोलराइज्ड रेडिओ लहर चुंबकीय प्लाझ्मातून आली की तिच्या पोलरायझेशनचं प्रतल फिरतं (यालाच फॅरेडे रोटेशन म्हणतात), १८४५ मध्ये फॅरेडेने हे काचेत बघितलं होतं, आणि किती फिरतं ते वेव्हलेंग्थच्या वर्गावर ठरतं. मग वेगवेगळ्या वेव्हलेंग्थना कोन मोजायचा, उतार काढायचा, झालं. म्हणजे कागदावर झालं. प्रत्यक्षात दोनच फ्रीक्वेन्सी असल्या तर मधे अर्धे फेरे किती झाले हे कळतच नाही, म्हणून आता शेकडो-हजारो चॅनल एकदम घेतात. दुसरं म्हणजे हे रोटेशन फक्त आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेतलं क्षेत्र आणि इलेक्ट्रॉनची घनता यांच्या गुणाकाराची बेरीज असते, वाटेत क्षेत्र एकदा आपल्याकडे, एकदा उलटं असेल तर बेरीज शून्याकडे जाते. रोटेशन शून्य आलं म्हणून क्षेत्र शून्य असं कोणी लिहिलेलं दिसलं तर तिथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

तर आता मूळ मुद्दा. 'क्षेत्र कसं तयार झालं' यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत: अगदी शून्यातून पहिलं बारीकसं क्षेत्र कसं आलं, आणि त्या बारीक क्षेत्राचं आजचं मायक्रोगॉस कसं झालं. दुसऱ्याचं उत्तर आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. पहिल्याचं कठीण आहे, आणि गंमत म्हणजे ते कठीण आहे ते दुसऱ्याचं उत्तर इतकं चांगलं आहे म्हणूनच.

पहिला प्रश्न. चांगल्या वाहक प्लाझ्मात क्षेत्र काळानुसार कसं बदलतं याचं एक समीकरण आहे, इंडक्शनचं. त्यात जेवढी पदं आहेत त्या प्रत्येकात क्षेत्र स्वतः गुणलेलं असतं. म्हणजे सुरुवातीला क्षेत्र नेमकं शून्य असेल तर वायू कितीही हलवा, कितीही घुसळा, ते शून्यच राहणार. वाढवता येतं, जन्माला घालता येत नाही. मग जन्म कुठून? तर हे समीकरण लिहिताना आपण एक गोष्ट सोडून दिलेली असते, की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचं वजन सारखं नाही, प्रोटॉन १८३६ पट जड आहे. १९५० मध्ये लुडविग बीरमानने हे सोडलेलं पद परत आत घेतलं आणि त्यातून जे निघालं त्याला आज बीरमान बॅटरी म्हणतात.

होतं असं की गरम वायूत एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. दाब दोघांनाही ढकलतो पण इलेक्ट्रॉन हलका असल्यामुळे तो पटकन पुढे निघतो, प्रोटॉन मागे राहतो. किंचितसा चार्ज वेगळा झाला की लगेच विद्युत क्षेत्र तयार होतं आणि इलेक्ट्रॉनला मागे ओढतं. इथपर्यंत चुंबकीय काहीच नाही. पण समजा तापमान ज्या दिशेने बदलतंय आणि घनता ज्या दिशेने बदलतेय त्या दोन दिशा वेगळ्या असल्या, तर हे विद्युत क्षेत्र सरळ राहत नाही, त्याला भोवरा येतो, आणि भोवरा असलेलं विद्युत क्षेत्र म्हणजे फॅरेडेच्या नियमाने बदलतं चुंबकीय क्षेत्र. शून्यातून! दोन्ही दिशा एकच असतील तर मात्र बॅटरी बंद. म्हणून एकदम गोल, सममितीने फुगणाऱ्या वायूत हे होत नाही, जरा वेडंवाकडं असावं लागतं, आणि विश्वात वेड्यावाकड्याची कमी नाही.

विश्वात ही स्थिती कधी आली? पहिले तारे आणि क्वेसार (महाकाय कृष्णविवरामुळे झळाळणारी गॅलॅक्सींची केंद्रं) पेटले तेव्हा त्यांच्या अतिनील प्रकाशाने आजूबाजूचा वायू आयनित होत गेला, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन सुटत गेले, ती आयनित वायूची सीमा पुढे सरकत गेली आणि वाटेत तिला कमी-जास्त घनतेचे ढग लागले. सीमेवर तापमान एका दिशेने बदलतंय, ढगाची घनता दुसऱ्याच दिशेने. १९९४ मध्ये सुब्रमण्यन, नरसिंह आणि चित्रे यांनी नेमका याच सीमांचा हिशेब केला. १९९७ मध्ये कुलस्रूड आणि सहकाऱ्यांनी गॅलॅक्सी जमत असताना होणाऱ्या शॉकमधून (वायू आदळून उठणाऱ्या धक्का-लहरींतून) तेच दाखवलं. येणारा आकडा १० चा उणे २० घात गॉसच्या आसपास, म्हणजे एक गॉसला एकावर वीस शून्यं असलेल्या आकड्याने भागायचं. हास्यास्पद वाटेल इतकं कमी, पण शून्य नाही, आणि इथे तेवढंच पाहिजे. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या लेसरवर शॉक तयार करून ही बॅटरी मोजलीसुद्धा, त्यामुळे हे आता नुसतं कागदावरचं राहिलेलं नाही.

आता वाढ. याची पहिली पायरी आल्फव्हेनने १९४२ मध्ये सांगितली, की चांगल्या वाहक प्लाझ्मात चुंबकीय रेषा वायूला चिकटलेल्या असतात, वायू जाईल तिकडे त्या जातात. वायू दाबला की रेषा जवळ आल्या, क्षेत्र वाढलं. न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रचंड क्षेत्राचा मोठा भाग असाच समजावला जातो, ताऱ्याचा गाभा हजारो किलोमीटरवरून दहा-बारा किलोमीटरवर कोसळतो आणि क्षेत्र त्रिज्येच्या उलट वर्गाने वाढतं. गॅलॅक्सी बनताना वायूची घनता समजा दहा लाख पट झाली, तर क्षेत्र दहा हजार पट होतं. चांगलं आहे, पण उणे २० घातावरून उणे १६ वर आलो फक्त, आपल्याला जायचंय उणे ६ ला. नुसतं दाबून भागत नाही.

इथे डायनॅमो येतो. रबरबँड घ्या, ताणून दुप्पट करा, पीळ देऊन आठचा आकार करा आणि एक फेरा दुसऱ्यावर दुमडा: आता त्याच जागेत एकाऐवजी दोन पदर एकाच दिशेला. परत करा, चार. चुंबकीय रेषांचं अगदी हेच होतं, ताणायला जी ऊर्जा लागते ती वायूच्या हालचालीतून येते आणि क्षेत्रात जमा होते, दर फेऱ्याला दुप्पट. पिळायचं विसरलात तर मात्र दुमडलेले पदर उलट दिशेला येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून पीळ महत्त्वाचा. १९३४ मध्ये काउलिंगने सिद्ध केलं होतं की अक्षाभोवती पूर्ण सममित असलेलं क्षेत्र डायनॅमोने टिकूच शकत नाही, आणि त्यानंतर बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की हा सगळा विषयच निकालात निघाला. १९५५ मध्ये पार्करने वाट काढली. फिरणाऱ्या वस्तूत वर येणारा वायू फिरण्यामुळे आपोआप पिळला जातो, लाखो असे छोटे पीळ मिळून सममिती मोडतात आणि सरासरी क्षेत्र वाढतं. सूर्याचं ११ वर्षांचं चक्र, पृथ्वीचा गाभा, गॅलॅक्सीची तबकडी, सगळ्यांचा हिशेब शेवटी याच घराण्यातला.

कोणी म्हणेल हे सगळं थिअरीच आहे की, तर नाही. १९९९ च्या शेवटी लाटव्हियातल्या रिगा आणि जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे वितळलेलं सोडियम ठरावीक मार्गांनी फिरवून डायनॅमो चालू करून दाखवला, २००६ मध्ये फ्रान्सच्या कादाराशला मोकळ्या खळबळत्या सोडियममध्येही तो चालला. सोडियम का, तर द्रवरूप धातूंत वीज उत्तम वाहून नेणारा तो आहे. पाण्याला लागला की भडकतो ही वेगळी डोकेदुखी.

गॅलॅक्सीचा हिशेब स्वतः करून बघा. पार्करच्या पद्धतीने फिरण्यावर चालणारा डायनॅमो हळू असतो, क्षेत्र 'ई' पट, म्हणजे साधारण पावणेतीन पट व्हायला तीसेक कोटी वर्षं धरा. उणे २० घातापासून उणे ६ पर्यंत म्हणजे १४ दशमान पायऱ्या, म्हणजे ३२ वेळा ई पट, म्हणजे जवळजवळ हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी. जेमतेम बसतं, पण त्याचा अर्थ असा होतो की जुन्या, म्हणजे लांबच्या गॅलॅक्सींत क्षेत्र नगण्य दिसायला पाहिजे. आणि ते तसं दिसत नाही! २००८ मध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी लांबच्या क्वेसारचा प्रकाश वाटेत ज्या साध्या गॅलॅक्सींतून येतो त्यांचं फॅरेडे रोटेशन तपासलं, तर विश्वाचं वय आजच्या निम्म्याहून कमी असतानाच त्या गॅलॅक्सींत आजच्यासारखी क्षेत्रं होती. २०२३ मध्ये आल्मा दुर्बिणीने ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या एका गॅलॅक्सीतल्या धुळीचं पोलरायझेशन पकडलं, तिथेही हजारो प्रकाशवर्षं पसरलेलं, नीट दिशा असलेलं क्षेत्र निघालं.

म्हणजे डायनॅमो चुकीचा? नाही, आणखी एक डायनॅमो आहे जो जास्त चपळ आहे. १९६८ मध्ये काझांत्सेव्हने दाखवलं की गिरक्या, फिरणं, सममिती काही नको, नुसती टर्ब्युलन्स (वायूची खळबळ) पुरे, बारीक भोवरे फार पटकन फिरतात आणि त्यांच्या एकेका फेऱ्यात क्षेत्र वाढत जातं. गॅलॅक्सीत याला अब्जावधी नाही तर फार तर काही कोटी वर्षं लागतात, विश्वाच्या मानाने काहीच नाही. सुपरनोव्हा फुटतायत, वायू पडतोय, खळबळीला तोटा नाही. वाढ थांबते कधी? क्षेत्राची ऊर्जा वायूच्या खळबळीच्या ऊर्जेच्या आसपास पोचली की, कारण मग रेषा इतक्या ताठ होतात की वायूला त्या वाकवता येत नाहीत. वर जो तिन्ही ऊर्जा सारख्या असण्याचा आकडा दिला तो यामुळे. अमेरिकेतल्या ओमेगा लेसरवर दोन प्लाझ्मा एकमेकांवर आदळवून हा टर्ब्युलंट डायनॅमोही दाखवला गेलाय, ते निकाल २०१८ मध्ये आले.

या चपळ डायनॅमोचा तोटा असा की त्यातून निघतं ते गुंतलेलं, बारीक तुकड्यांचं क्षेत्र. गॅलॅक्सीच्या हातांना धरून जाणारं सरळ, मोठं क्षेत्र त्यातून येत नाही, त्यासाठी परत पार्करवाला लागतो, फक्त आता त्याला उणे २० पासून नाही तर जवळपास तयार क्षेत्रापासून सुरुवात मिळते. इथे मला स्वतःला थिअरीचा सगळ्यात ठिसूळ भाग वाटतो तो वेगळाच आहे. मोठ्या क्षेत्राला एका दिशेचा पीळ आला की पिळाची एकूण बेरीज टिकली पाहिजे म्हणून बारीक क्षेत्रात उलटा पीळ साठत जातो, आणि तो साठला की डायनॅमोचा गळा आवळतो. तो उलटा पीळ कुठेतरी बाहेर टाकायला लागतो. गॅलॅक्सीतून बाहेर वाहणाऱ्या वाऱ्याबरोबर तो जातो असं बहुतेक मॉडेलमध्ये धरतात, सूर्यात हे काम कोरोनल मास इजेक्शन (सूर्यातून बाहेर फेकले जाणारे चुंबकलेल्या प्लाझ्माचे लोट) करतात असं म्हणतात. पटण्यासारखं आहे, पण डायनॅमो म्हणजे सुटलेला प्रश्न असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला हा पीळ विचारा.

असो, आता ती गंमत. डायनॅमो इतका चांगला चालतो की बीज उणे २० घाताचं होतं की उणे १२ घाताचं याने शेवटी काही फरक पडत नाही. दोन्हीकडून मायक्रोगॉसच येतं. गॅलॅक्सी, तारे, गॅलॅक्सींचे समूह, जिथे जिथे वायू घुसळला गेलाय तिथे बीजाची आठवण पुसली गेलीय. म्हणून 'आकाशगंगेत एवढं क्षेत्र आहे म्हणजे ते बिग बँगपासूनच असणार' हा युक्तिवाद कुठे वाचलात तर त्यात दम नाही, आणि त्याच्या उलट 'डायनॅमो आहे म्हणजे आदिम क्षेत्र नव्हतंच' यातही नाही. मूळ शोधायचं तर जिथे काहीच घडलं नाही तिथे जायला पाहिजे, म्हणजे गॅलॅक्सींच्या जाळ्यामधल्या मोठ्या पोकळ्यांत.

तिथलं क्षेत्र मोजायची युक्ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटते. लांबच्या ब्लेझारमधून (ज्याचा झोत आपल्याकडे रोखलेला असतो अशा क्वेसारसारख्या स्रोतातून) प्रचंड ऊर्जेचे गॅमा फोटॉन निघतात, वाटेत ताऱ्यांच्या जुन्या प्रकाशावर आपटून त्यांचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतात, ते पुढे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडच्या (बिग बँगनंतर उरलेल्या मंद प्रकाशाच्या) फोटॉनना ठोकून कमी ऊर्जेचे गॅमा बनवतात. म्हणजे जास्त ऊर्जेचे गॅमा दिसले तर त्याच दिशेने कमी ऊर्जेचे गॅमाही ठरावीक प्रमाणात दिसायला हवेत. फर्मी उपग्रहाला ते दिसलेच नाहीत. २०१० मध्ये नेरोनोव्ह आणि व्होव्क यांनी म्हटलं की याचा अर्थ मधल्या पोकळीत क्षेत्र आहे, त्याने इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन वळवले आणि तो प्रकाश आपल्या दिशेने आलाच नाही, त्यासाठी कमीत कमी १० चा उणे १६ घात गॉसच्या आसपास क्षेत्र हवं. बीरमान बॅटरीच्या आकड्यापेक्षा हे हजारो पट जास्त, तेही जिथे डायनॅमो चालायला खळबळच नाही. आक्षेपही आहेत: त्या जोड्यांची ऊर्जा प्लाझ्माच्या अस्थिरतेत उष्णता होऊन निघून जात असेल तर क्षेत्राची गरजच उरत नाही, किंवा गॅलॅक्सींच्या वाऱ्यांनी चुंबकलेला वायू पोकळीत नेऊन टाकला असेल. दुसरा आक्षेप मला कमी पटतो, पोकळ्या फार मोठ्या आहेत आणि वारे तिथपर्यंत सगळीकडे भरून पोचणं अवघड आहे. पहिला मात्र गंभीर आहे.

पोकळीतलं क्षेत्र खरं मानलं तर ते ताऱ्यांच्याही आधीचं असायची शक्यता वाढते, आणि तिथे दोन उमेदवार आहेत. एक इन्फ्लेशन, म्हणजे पहिल्या निमिषातला तो प्रचंड फुगवटा, १९८८ मध्ये टर्नर आणि विड्रो यांनी याचा नीट विचार केला. अडचण अशी की नेहमीचे मॅक्सवेलचे नियम तसेच ठेवले तर विश्व फुगताना क्षेत्र नुसतं पातळ होत जातं, काहीच उरत नाही, म्हणून नियमांत काहीतरी जोड घालावी लागते, आणि ती कोणती घालायची याला मोकळं रान आहे. दुसरा उमेदवार म्हणजे नंतरचे फेज ट्रान्झिशन (विश्व थंड होताना झालेले अवस्थाबदल, पाण्याचा बर्फ व्हावा तसे), विशेषतः इलेक्ट्रोवीक, म्हणजे विद्युतचुंबकीय आणि वीक बल वेगळी झाली तेव्हाचं, वाचस्पतींनी १९९१ मध्ये ही कल्पना मांडली. इथे भौतिकशास्त्र जास्त ओळखीचं आहे पण जागा कमी पडते: त्या वेळी प्रकाश जेवढं अंतर कापू शकला होता ते जेमतेम सेंटिमीटरभर, विश्वाबरोबर ताणलं तरी आज ते सूर्यमालेच्या आकाराच्या आसपास येतं, आणि आपल्याला पाहिजेत लाखो प्रकाशवर्षं. क्षेत्राला पीळ असेल तर ते आपोआप छोट्याकडून मोठ्या आकाराकडे सरकतं, त्याने बरीच भर पडते, पण पूर्ण अंतर भरून निघत नाही.

वरून मर्यादाही आहे. आदिम क्षेत्र फार जोरदार असतं तर प्लँक उपग्रहाच्या मायक्रोवेव्ह नकाशात त्याच्या खुणा दिसल्या असत्या, त्या दिसत नाहीत, म्हणून नॅनोगॉसच्या वर जाता येत नाही. म्हणजे खाली उणे १६, वर उणे ९, मधे सात दशमान पायऱ्यांची मोकळी खिडकी. ती बंद करायचे प्रयत्न सध्या रेडिओकडून चाललेत, लोफार दुर्बिणीने २०१९ मध्ये एबेल ३९९ आणि एबेल ४०१ या दोन समूहांना जोडणाऱ्या वायूच्या पट्ट्यातून येणारा रेडिओ प्रकाश पकडला, म्हणजे तिथेही क्षेत्र आहे, आणि जाळ्याच्या तंतूंमध्ये फॅरेडे रोटेशनवरून काही दहा नॅनोगॉसचे अंदाज आलेत. तंतूंत थोडी खळबळ असते त्यामुळे ते पोकळीइतके स्वच्छ साक्षीदार नाहीत, पण गॅलॅक्सीपेक्षा बरेच बरे. माझा कल विचाराल तर आदिम क्षेत्र थोडंफार होतं याकडे झुकतो, पैज लावण्याइतका नाही.

जाता जाता, प्रश्नात पृथ्वीचाही उल्लेख होता म्हणून: पृथ्वीच्या गाभ्यातला डायनॅमो बंद केला तर तिथलं क्षेत्र काही दहा हजार वर्षांत विरून जाईल, आणि खडकांत तर ते तीनशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचं सापडतं, म्हणजे ते सतत नव्याने बनतंय. त्याला लागलेलं बीज सूर्यमाला ज्या ढगातून बनली त्यात होतंच, त्या ढगाला ते आकाशगंगेकडून मिळालं. पण त्या बीजाची दिशा कोणती होती हे आज शोधून काढता येणार नाही, कारण इंडक्शनच्या समीकरणात क्षेत्राची सगळी चिन्हं उलटी केली तरी ते जसंच्या तसं चालतं, उत्तर-दक्षिण त्याला सारखेच, आणि पृथ्वीने ते चिन्ह बऱ्याचदा उलटंही करून टाकलंय, शेवटचं साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी.